गेइशा: क्योतोतली एक संध्याकाळ, एक न केलेलं भाषांतर आणि आपले गैरसमज

दुभाषी

परवा एका चर्चेत कुणीतरी सहज लिहून गेलं, "गेइशा काय, पैसे फेकले की हजर." तिथे उत्तर द्यायला घेतलं आणि ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढते आहे. मी गेली बावीस वर्षं जपानी दुभाषी म्हणून काम करते. या एका शब्दाबद्दल आपल्याकडे जेवढा घोळ आहे तेवढा दुसऱ्या कुठल्या जपानी शब्दाबद्दल नसेल, आणि मला त्याचा खरोखर त्रास होतो. का, ते आधी सांगते.

नोव्हेंबर २०१५. पुण्याकडच्या एका कारखान्याचे मालक व्यवहारासाठी क्योतोला आले होते, मी त्यांची दुभाषी. शेवटच्या संध्याकाळी यजमान कंपनीच्या वयस्कर अध्यक्षांनी आम्हाला गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीतल्या एका ओचायात नेलं. ओचाया म्हणजे शब्दशः चहाचं घर, पण चहा प्यायला तिथे कुणी जात नाही. बाहेर एवढीशी पाटी, लाकडी जाळीचं दार, आत तातामी, म्हणजे जाड चटया, अंथरलेली खोली. कुणाची तरी ओळख असल्याशिवाय त्या दारातून आत जाता येत नाही. अध्यक्षांचे वडीलही त्याच घरी येत असत.

खोलीत तिघी आल्या. एक माइको, म्हणजे शिकाऊ मुलगी, सतरा-अठराची असेल. एक तिशीतली गेइको. (क्योतोत गेइशा म्हणत नाहीत, गेइको म्हणतात.) आणि तिसऱ्या एक आजी, साध्या करड्या किमोनोत, हातात शामिसेन हे तीन तारांचं वाद्य. माइकोच्या केसांत लाल मेपलच्या पानांचं फूल खोवलेलं होतं, कारण महिना नोव्हेंबरचा. फेब्रुवारी असता तर प्लमचा बहर असता, मेमध्ये विस्टेरियाचे जांभळे घोस. ती माझ्या शेजारी बसून साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतत होती तेव्हा तिची मान अगदी जवळून दिसली. पांढरा रंग पाठीपर्यंत उतरलेला, पण मानेवर दोन टोकदार पट्ट्या कातडीच्या तशाच मोकळ्या सोडलेल्या. त्या रंगाची कड इतकी रेखीव होती की मी पाहतच राहिले.

मग आजींनी तार छेडली आणि गेइको उठली. आपल्याला नाच म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं तसं त्यात काहीच नव्हतं. चेहरा निश्चल, गुडघे किंचित वाकलेले, पाऊल जमिनीवरून सरकणारं. हातातला पंखा एकदा पाऊस झाला, एकदा कुणाचं तरी पत्र झाला. चार-पाच मिनिटांत संपलं.

आमचे पाहुणे माझ्याकडे झुकले आणि मराठीत म्हणाले, "हे ठीक आहे हो. पण रात्रीचं काय? किती घेतात, विचारा की."

दुभाष्याने बोललेलं सगळं पलीकडे पोहोचवायचं असतं. तो नियम मी त्या संध्याकाळी मोडला. त्या घराची मालकीण, जिला तिथे सगळे ओकासान म्हणजे आई म्हणतात, हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत थांबली होती. मी म्हटलं, "पाहुणे विचारताहेत, एवढं शिकायला किती वर्षं लागतात?"

उत्तर आजींनी दिलं. "सहाव्या वर्षी, सहाव्या महिन्यातल्या सहाव्या दिवशी मला शिकवणीला बसवलं. जुनी रीतच आहे तशी. आता अडुसष्टची आहे. उद्या सकाळी दहाला माझा वर्ग आहे."

"शिकवायला जाता?"

"नाही, शिकायला."

ते मी पाहुण्यांना शब्दशः सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

तर मुद्दा असा. 'गेइ' म्हणजे कला आणि 'शा' म्हणजे व्यक्ती. गेइशा म्हणजे कलावंत, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. आणि गंमत वाटेल, पण हा शब्द आधी पुरुषांसाठी होता. मेजवानीत गाणारे, नकला करणारे, पाहुण्यांना रंगात आणणारे हे पुरुष. त्यांना ताइकोमोची किंवा होकानही म्हणत. १७५० च्या आसपास बायका या कामात आल्या आणि एका पिढीत त्यांनी पुरुषांना मागे टाकलं.

त्या काळी एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, योशिवारा हा सरकारमान्य वेश्यावस्तीचा भाग होता. तिथल्या मेजवान्यांना गेइशा लागायच्याच, पण त्या गिऱ्हाइकं पळवतील अशी कुंटणखान्यांच्या मालकांना धास्ती होती. म्हणून १७७९ मध्ये तिथे केनबान हे नोंदणी कार्यालय निघालं. गेइशाने कपडे साधे घालावेत, एकटीने जाऊ नये, पाहुण्याला खेटून बसू नये, असे नियम झाले. म्हणजे गेइशाने शरीर विकू नये हा नियम नीतीपोटी आला नाही, धंद्याची हद्द राखायला आला. पण त्याने एक गोष्ट पक्की केली: गेइशाला मोल मिळणार ते गाण्याचं, वाजवण्याचं, नाचाचं आणि बोलण्याचं.

आजचं शिक्षण सांगते, क्योतोचं. शाळेचं नववं वर्ष संपलं की पंधराव्या वर्षी मुलगी ओकियात, म्हणजे गेइकोंच्या घरात, राहायला येते. पहिले काही महिने ती शिकोमी. घरकाम करायचं, क्योतोची मृदू बोली शिकायची, तातामीवर कसं बसायचं-उठायचं, दार कसं सरकवायचं ते शिकायचं. मग महिनाभर ओबी, म्हणजे किमोनोवरचा कमरेचा रुंद पट्टा, अर्धीच लोंबती बांधून ओचायात नुसतं बघत बसायचं. त्यानंतर मिसेदाशी, म्हणजे माइको म्हणून पदार्पण. त्या दिवशी तिला एक थोरली बहीण मिळते, तिच्याच नावातलं एक अक्षर घेऊन धाकटीचं नाव ठेवतात. पाच-एक वर्षांनी एरिकाए होतं, म्हणजे कॉलर बदलणं: माइकोची लाल भरतकामाची कॉलर जाऊन गेइकोची पांढरी येते. मधल्या वर्षांत नाच, शामिसेन, ढोल, बासरी, चहाविधी. गिओन कोबु या गिओनमधल्या वस्तीच्या मुलींसाठी तर वेगळी शाळाच आहे, यासाका न्योकोबा गाकुएन, आणि तिथे साठीच्या गेइकोसुद्धा वर्गाला येतात. आमच्या आजी तिथेच जात असणार.

माइको केस स्वतःचेच बांधते, टोप नाही. आठवड्यातून एकदा केस बांधून घ्यायचे आणि ते मोडू नयेत म्हणून उंच लाकडी उशीवर मान टेकून झोपायचं. मागे लोंबणारी ओबी पाच मीटरच्या वर लांब असते. ती बांधायला ताकद लागते, म्हणून ओतोकोशि नावाचे पुरुष रोज संध्याकाळी येतात. बायकांच्या त्या घरात आतपर्यंत जाणारे पुरुष तेवढेच.

कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. माहीत असेल ते सांगेन.

निशिगंध

फार सुंदर लिहिलंय. आजींचं "नाही, शिकायला" वाचून अंगावर काटा आला.

मी मात्र 'मेमॉयर्स ऑफ अ गेइशा' या २००५ च्या हॉलिवूडच्या सिनेमावरून सगळं खरं मानून बसले होते. त्यात तर मुलीच्या कौमार्याचा लिलाव होतो. ते खोटं आहे का मग?

दुभाषी

निशिगंध, तो सिनेमा आर्थर गोल्डन या अमेरिकन लेखकाच्या १९९७ च्या कादंबरीवर आहे. कादंबरीसाठी त्याने इवासाकी मिनेको या गिओनच्या नावाजलेल्या गेइकोच्या मुलाखती घेतल्या होत्या. पुस्तक आलं तेव्हा ती संतापली. नाव गुप्त ठेवायचं ठरलं असताना ते छापलं आणि गिओनमध्ये कधी नव्हता तो लिलाव माझ्या आयुष्याशी जोडला, असं तिचं म्हणणं. २००१ मध्ये तिने दावा लावला, २००३ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. मधल्या काळात, २००२ मध्ये, तिने स्वतःचं आत्मचरित्रच लिहिलं.

सिनेमात जो लिलाव दाखवलाय त्याला मिझुआगे म्हणतात; तिच्या म्हणण्याप्रमाणे मात्र मिझुआगे म्हणजे माइकोची केशरचना बदलण्याचा समारंभ, मुलगी मोठी झाल्याची खूण. तिच्या काळातल्या, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातल्या गिओनबद्दल ती हे सांगते.

रानवारा

लेख आवडला, पण एक बाजू सुटते आहे आणि ती सुटू नये असं मला फार वाटतं.

मासुदा सायो या बाईचं आत्मकथन वाचा. जन्म १९२५. सहाव्या वर्षी दुसऱ्याच्या घरी मूल सांभाळायला ठेवली, बाराव्या वर्षी सुवा या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात गेइशा-घराला विकली. तिच्या बाबतीत मिझुआगे म्हणजे केशरचना नव्हती. तिला लिहिता-वाचता जेमतेम यायचं, हिरागाना या सोप्या जपानी लिपीत लिहून काढलेलं ते पुस्तक १९५७ मध्ये आलं. गिओनची गेइको आणि झऱ्याच्या गावातली गेइशा यांत जमीन-अस्मानाचा फरक होता, हे मान्य. पण नाव दोघींचं एकच होतं. "गेइशा म्हणजे फक्त कला" असं म्हटलं की सायोसारख्या हजारो मुली पुसल्या जातात.

आणखी एक. १८७२ मध्ये योकोहामा बंदरात 'मारिया लुझ' हे पेरूचं जहाज आलं. त्यात गुलामासारखे डांबलेले चिनी मजूर होते, जपानने त्यांना सोडवलं. खटल्यात जहाजाच्या वकिलाने विचारलं, तुमच्याकडे मुली विकल्या जातातच ना? सरकारला ते झोंबलं आणि त्याच वर्षी वेश्या आणि गेइशा यांना करारातून मुक्त करणारा हुकूम निघाला. लोकांनी त्याला नाव ठेवलं 'गायी-घोडे सोडण्याचा हुकूम'. कारण त्यात युक्तिवाद असा होता की या बायकांचे माणूस म्हणून हक्क काढून घेतलेले आहेत, म्हणजे त्या गायी-घोड्यांसारख्या; आणि गायी-घोड्यांकडून कुणी कर्जफेड मागत नाही. मुक्ती देतानाची भाषा ही! त्या हुकुमात वेश्या आणि गेइशा एकाच ओळीत आहेत, हेही लक्षात घ्या.

दुभाषी

रानवारा, तुमचा प्रत्येक शब्द मान्य. मी क्योतोचं लिहिलं कारण ते मी पाहिलं आहे, पण तेवढ्यावर थांबणं चूक होतं.

दान्नाची पद्धतही होती, तीही सांगायला हवी. दान्ना म्हणजे आश्रयदाता. गेइशाचे किमोनो, शिकवण्या, घर यांचा प्रचंड खर्च एक श्रीमंत माणूस उचलायचा, आणि बहुतेक वेळा ते नातं केवळ आश्रयाचं नसायचं. मुलीला त्यात किती निवड असायची हे घरावर, गावावर आणि तिच्यावरच्या कर्जावर ठरायचं. ज्या मुली आईबापांनी पैसे घेऊन ठेवल्या त्यांना निवड नव्हतीच.

वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा १९५६ मध्ये झाला, त्यातली शिक्षेची कलमं १ एप्रिल १९५८ पासून लागू झाली. त्याआधीच युद्धानंतरच्या सक्तीच्या शिक्षणामुळे लहान मुली घरात ठेवणं बंद होत आलं होतं. आज मुलगी स्वतः अर्ज करून येते, पुष्कळदा आईवडिलांचा विरोध पत्करून.

"शरीर विकत होत्या की नव्हत्या" एवढ्या एकाच प्रश्नावर आपण अडतो याचंच मला वाईट वाटतं. सायोला शामिसेन शिकावं लागलं होतंच. तिने सोसलं म्हणून तिची कला खोटी होत नाही, आणि कला खरी म्हणून सोसणं पुसलं जात नाही.

रानवारा

हे शेवटचं वाक्य धाग्याच्या मूळ लेखात घ्या. माझं समाधान झालं.

चिंचपोकळी

आमच्या घरी दिवाणखान्यात एका जपानी चित्राची छापील प्रत आहे. काकांनी ओसाकाहून आणलेली. आम्ही सगळे तिला 'गेइशा' म्हणतो. डोक्यात डझनभर सोनेरी काड्या, पायात भलीमोठी उंच खडावं, आणि पोटाशी मोठी गाठ. गेइशाच ना?

दुभाषी

पोटाशी गाठ म्हणता तर ती ओइरान आहे, योशिवारातली वरच्या दर्जाची गणिका. ओइरान ओबीची गाठ पुढे बांधायची, गेइशा मागे. ओळखायची सगळ्यात सोपी खूण. केसांतल्या काड्या हीसुद्धा. ओइरानच्या डोक्यात आठ-दहा-बारा, गेइकोच्या केसांत जेमतेम एक-दोन. तीन दांड्यांची ती उंच खडावं घालून ओइरान पाऊल अर्धवर्तुळात फिरवत, अगदी संथ चालायची. ओइरान कधीच संपल्या. आज दिसते ती त्यांच्या मिरवणुकीची नक्कल, उत्सवात केलेली.

चित्र मात्र छान असणार. नाव बदला फक्त.

आणि युद्धानंतरचा एक मोठा घोटाळा: १९४५ नंतर अमेरिकन सैनिक जपानमध्ये आले तेव्हा रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या कितीतरी मुली स्वतःला 'गीशा गर्ल' म्हणवून घेत. सैनिक घरी परतले ते तोच शब्द आणि तोच अर्थ घेऊन. आपल्यापर्यंत तो इंग्रजीतून आला, जपानीतून नाही.

निशिकासाईकर

मी तोक्योत एदोगावा भागात राहतो, आठ वर्षं झाली. इथे आपली मराठी मंडळी पुष्कळ. दर एप्रिलमध्ये कुणाकडे तरी भारतातून पाहुणे असतात आणि सगळ्यांना क्योतोत 'गेइशा बघायची' असते.

दोन वर्षांपूर्वी माझ्याच घरचे आले होते. गिओनमधल्या हानामिकोजी रस्त्यावर संध्याकाळी पावणेसहाला एक माइको गल्लीतून बाहेर पडली. आमच्यातले तिघं मोबाइल धरून तिच्या पुढे धावत गेले, एक वहिनी तिच्या बाहीला हात लावून उभी राहिली. त्या मुलीने मान खाली घातली आणि उंच लाकडी पादत्राणांतून जवळजवळ पळतच निघाली. ती कामावर निघालेली होती. तिच्या चेहऱ्यावरची ती भीती माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मी तेव्हाच मध्ये पडायला हवं होतं, पडलो नाही, याची मला आजही लाज वाटते.

गिओनच्या खासगी गल्ल्यांत फोटो काढायला २०१९ पासून मनाई आहे, दहा हजार येनचा दंड लिहिलेल्या पाट्या आहेत. २०२४ पासून तर काही गल्ल्यांत पर्यटकांनी शिरायचंच नाही. हानामिकोजी हा सार्वजनिक रस्ता आहे, तिथे चालायला हरकत नाही. जाणाऱ्यांनी कृपा करून हे पाहुण्यांना आधी सांगा.

आणि दुपारी बाराच्या उन्हात मंदिराच्या पायऱ्यांवर हसत फोटोला उभी असलेली 'माइको' दिसली तर ती बहुधा पर्यटकच असते. तासाभरात माइकोसारखं सजवून देणारी दुकानं क्योतोत पुष्कळ आहेत.

शरयूकाठ

मी दोन मुलींची आई आहे म्हणून विचारते. पंधरा वर्षांची मुलगी शाळा सोडून दारू पिणाऱ्या पुरुषांच्या बैठकीत बसते, हे आज, या काळात, कसं चालतं? कलेबद्दल आदर आहेच. पण माझा जीव त्या माइकोत अडकला आहे.

दुभाषी

शरयूकाठ, तुमची काळजी रास्त आहे आणि जपानमध्येही ती बोलून दाखवली जाते. २०२२ मध्ये एका माजी माइकोने समाजमाध्यमावर लिहिलं की सोळाव्या वर्षी तिला दारू प्यायला लावलं, गिऱ्हाइकांसोबत अंघोळीला बसायला सांगितलं गेलं. देशभर चर्चा झाली, संसदेतही विषय निघाला. जपानमध्ये वीस वर्षांखाली दारू पिणं बेकायदा आहे, माइको त्याला अपवाद नाही.

पैशाचंही सांगते. माइकोला पगार नसतो. तिचं राहणं, जेवणं, शिकवण्या, किमोनो सगळं ओकिया बघतं, तिला हातखर्चाला काही मिळतं, आणि ठरलेली पाच-सहा वर्षं ती त्या घरासाठी काम करते. बऱ्याच घरांत मोबाइल चालत नाही. गेइको झाल्यावर ती स्वतंत्र होऊ शकते, घर घेते, मिळकत तिची. पण मधल्या वर्षांत तिची बाजू कोण घेणार, हे त्या घरच्या ओकासानवर सोडलेलं आहे. मी त्या संध्याकाळी भेटले ती ओकासान त्या मुलीकडे सतत लक्ष ठेवून होती. दहाच्या ठोक्याला तिने मुलीला उठवून घरी पाठवलं. सगळ्या घरांत तसं असेल असं मला छातीठोकपणे म्हणता येणार नाही. याला बाहेरची देखरेख हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पिंपळपान

लग्नाचं काय? गेइशा लग्न करू शकते?

दुभाषी

करू शकते, पण लग्न केलं की काम सोडायचं, ही रीत. सोडून पुन्हा परतणाऱ्याही आहेत. मेइजी क्रांतीतला मोठा नेता किदो ताकायोशी याची बायको क्योतोची गेइको होती, इकुमात्सु. शत्रू त्याला शोधत होते तेव्हा तिने त्याला लपवलं, खाणं पोचवलं. पुढे ती मंत्र्याची पत्नी झाली. आणि सादायाक्को! तोक्योची गेइशा, नंतर नवऱ्याच्या नाटक कंपनीबरोबर अमेरिका-युरोपात गेली आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तिने लोकांना वेड लावलं. ज्या काळात जपानी रंगभूमीवर स्त्रियांना जवळजवळ जागा नव्हती, त्या काळात. रंगमंचावर उभं राहायचं बळ तिला गेइशाच्या शिक्षणाने दिलं.

माणदेशी

वाचता वाचता सारखी आपली संगीतबारी आठवत होती. यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी मी एकदा समोर बसून ऐकली आहे. एकच ओळ अर्धा तास, प्रत्येक वेळी अदा वेगळी. १९७७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१२ मध्ये पद्मश्री. तरी आमच्या गावात लोक त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली करायचे. 'नाचणारी' म्हटलं की लोकांना पुढचं सगळं कळलं असं वाटतं. तो कारखानदार क्योतोत जे बोलला ते आपल्याकडे फडावर रोज बोललं जातं.

दुभाषी

माणदेशी, तुम्ही बोललात ते माझ्या मनात होतं. दोन्हीकडचा इतिहास वेगळा आहे, जातीचा प्रश्न आपल्याकडे आहे तसा तिथे नाही, म्हणून मी तुलना टाळली. पण आवाज खाली करणं मात्र सारखं आहे.

व्युत्पत्तीवेडा

बैठकीत खेळ खेळतात असं ऐकलंय. ते काय प्रकरण आहे?

दुभाषी

हो, आणि त्यात तुमच्या आवडीचं एक आहे. 'कोम्पिरा फुने फुने' नावाचा खेळ. दोघांच्या मध्ये बुटक्या टेबलावर एक छोटी वाटी पालथी ठेवतात. शामिसेनच्या तालावर आळीपाळीने त्यावर तळहात ठेवायचा. समोरच्याने वाटी उचलून नेली तर टेबलावर मूठ टेकवायची. ताल वाढत जातो, हात चुकला की साकेचा पेला. आमचे पाहुणे तीनदा हरले आणि लहान मुलासारखे हसले. त्या संध्याकाळी ते मोकळे झाले ते तेव्हाच.

कोम्पिरा म्हणजे शिकोकू बेटावरचा खलाशांचा देव. आणि ते नाव आलंय संस्कृत 'कुंभीर'वरून, म्हणजे मगर.

व्युत्पत्तीवेडा

कुंभीर! आज झोप लागणार नाही. आभार.

चिंचपोकळी

काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "चाळीस वर्षं तिला चुकीच्या नावाने हाक मारली रे." उद्या चित्राच्या मागे नवीन चिठ्ठी चिकटवणार आहेत.

आता किती उरल्या आहेत गेइशा?

दुभाषी

काकांना नमस्कार सांगा.

१९२० च्या दशकात देशभरात ऐंशी हजारांच्या आसपास होत्या, आता हजारभर. क्योतोच्या पाच वस्त्यांत, म्हणजे गिओन कोबु, गिओन हिगाशी, पोन्तोचो, मियागावाचो आणि कामिशिचिकेन मिळून, दोन-अडीचशे.

निशिगंध

ओळखीशिवाय ओचायात जाता येत नाही, मग आमच्यासारख्यांनी काय बघायचं? पुढच्या एप्रिलमध्ये जाते आहे.

दुभाषी

एप्रिल म्हणजे मियाको ओदोरी! गिओन कोबुच्या गेइको-माइकोंचा वार्षिक नृत्यप्रयोग, १८७२ पासूनचा. राजधानी तोक्योला गेल्यावर क्योतो ओस पडू नये म्हणून प्रदर्शन भरवलं, त्यात हा नाच पहिल्यांदा झाला. बसवणारी होती तिसरी इनोउए याचियो, आणि आजही गिओन कोबुत फक्त इनोउए घराण्याचाच नाच शिकवतात. तिकीट कुणालाही मिळतं. पोन्तोचोचा कामोगावा ओदोरीही त्याच वर्षीचा, तो मेमध्ये असतो.

नाट्यगृह भूकंपाच्या दृष्टीने मजबूत करायला काही वर्षं बंद होतं. २०२३ मध्ये प्रयोग पुन्हा तिथे परतला तेव्हा मी मुद्दाम सुट्टी काढून गेले. आधी अंधार. मग पडद्यामागून एक लांब हाक, "मियाको ओदोरी वा", आणि सगळ्यांचं एकदम उत्तर, "योइयासा". दोन्ही बाजूंच्या मार्गांवरून निळ्या किमोनोतल्या मुली आत आल्या, हातात चेरी आणि विलोच्या फांद्यांचे पंखे. प्रेक्षक मुलींकडे बघत होते. मी शामिसेनवाल्या बसतात त्या कडेच्या रांगेकडे बघत होते, एकेक चेहरा पुढे-मागे पुन्हा पुन्हा. आठ वर्षं झाली होती, म्हणजे त्या शहात्तरच्या असणार.

मागच्या टोकाकडून तिसऱ्या. काळा किमोनो, पाठ ताठ, नजर समोर.